‘सीआरपी’चे जनक, ‘डीएनए’चे द्रष्टे

करोनाच्या साथीत, २०२०-२१मध्ये, रक्ताच्या अहवालातील ‘सीआरपी’ ही अक्षरे घराघरांत पोहोचली. शरीरातील दाह दर्शवणाऱ्या या प्रथिनाचा शोध मात्र १९३०चा. तो ज्या प्रयोगशाळेत लागला, तिचे प्रमुख होते डॉ. ऑस्वाल्ड एव्हरी.

कॅनडातील हॅलिफॅक्स येथे २१ ऑक्टोबर १८७७ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. पुढे कुटुंब न्यूयॉर्कला आले. १९०४मध्ये वैद्यकीय पदवी मिळवून त्यांनी काही काळ रुग्णसेवा केली. परंतु जुनाट विकारांपुढे हात टेकावे लागतात, हे शल्य त्यांना प्रयोगशाळेकडे घेऊन गेले. १९१३मध्ये ते रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात दाखल झाले आणि न्यूमोनियाच्या जंतूंचा अभ्यास हेच त्यांचे आयुष्य बनले. ते अविवाहित राहिले.

त्यांचे सहकारी विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. न्यूमोनियाच्या जंतूतील ‘सी’ हा घटक रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळताच साका तयार होई. रुग्ण बरा झाला, की तो होईनासा होई. हा गुण एका प्रथिनाचा असल्याचे एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१मध्ये दाखवले. ‘सी’शी संयोग पावणारे म्हणून ते ‘सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन’.

हे प्रथिन प्रामुख्याने यकृतात तयार होते, हे नंतर स्पष्ट झाले. दीर्घकालीन हिपॅटायटिसमध्ये नेमका येथेच पेच पडतो. यकृत धुमसत असूनही ‘सीआरपी’ फारसे वाढतेच असे नाही आणि यकृत फारच खचले, तर ते बनवण्याची त्याची शक्तीही घटते. त्यामुळे आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होणे घातक. डॉक्टर तो अल्ब्युमिन, प्लेटलेट व यकृताच्या एन्झाइमांसह वाचतात. यकृतात किती व्रणतंतू साचले असावेत, याचा अंदाज देणाऱ्या ‘फिब-४’ निर्देशांकात तर ‘सीआरपी’ नाहीच. त्यात वय, प्लेटलेट आणि दोन एन्झाइमे धरली जातात.

एव्हरींची खरी ख्याती वेगळ्याच शोधाची. आनुवंशिक गुण प्रथिने नव्हे, तर ‘डीएनए’ वाहून नेतो, असे दर्शवणारा पुरावा त्यांनी कॉलिन मॅक्लिऑड व मॅक्लिन मॅकार्टी यांच्यासह १९४४मध्ये मांडला. तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. अनेकांनी शंका घेतल्या. वारंवार नामांकन होऊनही नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला नाही. निवड समितीची ही चूक अक्षम्यच म्हणावी लागेल. रॉयल सोसायटीने १९४५मध्ये त्यांना कॉप्ले पदक दिले खरे; पण ते घ्यायला हा संकोची गृहस्थ लंडनला गेला नाही. सर हेन्री डेल यांनीच ते न्यूयॉर्कला आणून त्यांच्या हाती सोपवले.

१९४८मध्ये एव्हरी धाकट्या भावाजवळ नॅशव्हिल येथे राहायला गेले. तेथेच २० फेब्रुवारी १९५५ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.