संख्येचे उपासक : डॉ. विक्रम साराभाई

आपल्या बडोद्यात वाडीवाडी भागातील एका रस्त्यास डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव दिलेले आहे. त्यांच्याविषयी कोणाही विद्यार्थ्यास विचारले, तर तो अग्निबाण आणि कृत्रिम उपग्रह यांच्याविषयी भरभरून बोलेल. ते योग्यच आहे. परंतु ज्या नगरीत त्यांनी औषधांचा कारखाना चालविला, तेथील मुलांना त्यांच्या चरित्राची दुसरी बाजूही ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते. गिरणी आणि कारखाना यांतील काम अंदाजाने न करता मोजून-मापून करावे, याचा ध्यास त्यांनी घेतला होता. त्या बाजूचाच परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

विक्रम यांचा जन्म दि. १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे झाला. वडील अंबालाल साराभाई हे कॅलिको गिरणीचे मालक व आई सरलादेवी. मुलांच्या शिक्षणासाठी या दांपत्याने आपल्या वाड्यातच शाळा उघडली होती. पुढे गुजरात कॉलेजात शिकून विक्रम इंग्लंडला केंब्रिज येथे गेले व १९४० साली पदवीधर झाले. महायुद्ध सुरू झाल्याने ते स्वदेशी परतले आणि बंगळूरच्या विज्ञानमंदिरात सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले.

हे किरण अंतराळातून पृथ्वीवर अहोरात्र वर्षत असतात. मात्र त्यांतील कण ठराविक अंतराने येत नाहीत. गणकयंत्रावर एका मिनिटात दहा कण नोंदले गेले, तर पुढच्या मिनिटात चौदा आणि त्यानंतर आठच, असे सहज घडते. मग संशोधकापुढे प्रश्न उभा राहतो : हा चढउतार निव्वळ योगायोगाचा, की त्यामागे सूर्याचा वा वातावरणाचा काही प्रभाव आहे? याचे उत्तर एका दिवसाच्या नोंदीने मिळत नाही. महिनोन्महिने कण मोजावे लागतात. १९४२ साली प्रसिद्ध झालेला विक्रम यांचा पहिला शोधनिबंध विश्वकिरणांच्या कालानुसार होणाऱ्या वाटणीविषयीच होता. योगायोग कोणता आणि कारण कोणते, हे संख्येच्या साहाय्याने वेगळे करण्याची दृष्टी त्यांना अशी आकाशाने दिली.

१९४७ साली त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापिली आणि गिरण्यांसाठी ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योग-संशोधन संस्थाही उभी केली. त्या काळी अहमदाबादच्या बहुतेक गिरण्यांत गुणनियंत्रणाची शास्त्रीय पद्धत नव्हती. सूत बोटांनी चाचपावे आणि वर्षानुवर्षांच्या अनुभवावर निवाडा द्यावा, ही रीत. विक्रम यांनी गिरणीचा पूर्वानुभव नसलेल्या तरुण वैज्ञानिकांना या कामावर नेमले. जुन्या जाणकारांना ही नवी मंडळी प्रथम कशी रुचावी! पण अनुभवाचा अव्हेर करावा, असे विक्रम यांना मुळीच वाटत नव्हते. अनुभवाला मोजमापाची जोड हवी, एवढाच त्यांचा आग्रह होता.

१९५० साली बडोद्याच्या साराभाई केमिकल्सचा कारभार त्यांच्याकडे आला. कापडाचा दोष डोळ्यांना दिसतो आणि अंगावर फाटतो. औषधाचा दोष दिसत नाही, तो रोग्याच्या पोटात जातो. म्हणूनच औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता हा केवळ नफ्यातोट्याचा प्रश्न राहत नाही.

ही विद्या कशी चालते, हे आम्ही एका कल्पित उदाहरणाने सांगतो. प्रत्येक गोळी ५०० मिलिग्रॅमची हवी आहे. दर तासाला पाच गोळ्या उचलून तोलल्या. वजने भरली ४९८, ५०३, ५०१, ४९६ आणि ५०२. सरासरी बरोबर ५००, आणि तरीही नेमकी ५०० ची गोळी एकही नाही! सर्वांत जड व सर्वांत हलकी यांतील अंतर ७. त्यास विस्तार म्हणतात. अशा वीस-पंचवीस तासांच्या नोंदी घेऊन विस्ताराची सरासरी काढावी व पाच-पाचच्या नमुन्यांसाठी तिला ०.५८ ने गुणावे. ती ७ च निघाली, तर गुणाकार सुमारे ४ येतो. मग चौकटीच्या कागदावर ५०० ची मधली रेघ आणि ४९६ व ५०४ च्या दोन सीमारेघा आखाव्यात. दर तासाची सरासरी ठिपक्याने मांडावी. ठिपके कोणत्याही क्रमाविना सीमेच्या आत खालीवर नाचत असतील, तर तो योगायोग. यंत्रास हात लावू नये. ठिपका सीमेबाहेर गेला, तर मात्र यंत्र थांबवून कारण शोधावे. हा नियंत्रण-आलेख १९२४ साली अमेरिकेतील वॉल्टर श्युहार्ट यांनी शोधिला. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले.

येथे सरासरी आणि वजाबाकी यांपलीकडचे गणित ते किती? पण या साध्या गणितात न्याय दडलेला आहे. आज दोन गोळ्या अधिक बिघडल्या म्हणून मुकादमाने कामगारास फटकारावे आणि उद्या दोन कमी बिघडल्या म्हणून त्याची पाठ थोपटावी, असे पुष्कळदा घडते. वास्तविक दोन्ही वेळी तो माणूस तोच असतो, त्याचे श्रमही तेच असतात. बदलतो तो केवळ योगायोग. जेथे मोजमाप नाही, तेथे दोष नेहमी दुबळ्याच्या माथी येतो.

१९६० च्या सुमारास विक्रम यांनी बडोद्यातच ‘ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप’ ही संस्था सुरू केली. कारखान्याचे निर्णय आकडेवारीच्या आधारे घ्यावेत, हा तिचा हेतू. पुढे बाजारपेठेच्या संशोधनात तिने देशभर नाव मिळविले. १९६१ साली अहमदाबादेत उभ्या राहिलेल्या व्यवस्थापनशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेतही त्यांचा मोठा वाटा होता. १९६३ साली केरळातील थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला, १९६६ साली अणुशक्ती आयोगाचे अध्यक्षपद आले, आणि दि. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे या कर्मयोग्याचा अवघ्या बावन्नाव्या वर्षी अंत झाला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळजण उद्या मकरपुऱ्याच्या वा नंदेसरीच्या कारखान्यांत काम कराल. तेथे ही विद्या लागेलच. पण तिचा आरंभ आजच करता येईल. वर्गात रोज किती मुले उशिरा येतात, ते महिनाभर मोजा आणि चौकटीच्या कागदावर ठिपके मांडा. एखाद्या दिवशी ठिपका उंच उडाला, तर मुलांना बोल लावण्यापूर्वी त्या दिवशी पाऊस होता का, बस बंद होती का, याचा शोध घ्या. आधी मोजावे, मग बोलावे. विक्रम साराभाईंच्या चरित्रातून आम्हांस मिळालेला धडा तो हाच.