राजा दीनदयाळ

उत्तर प्रदेशात मीरत शहराजवळ सरधना नावाचे गाव आहे. तेथील एका जैन जवाहिऱ्याच्या कुटुंबात इ. स. १८४४ मध्ये दीनदयाळ यांचा जन्म झाला. रत्नांची पारख करणे हा घराण्याचा व्यवसाय. पण या मुलाला पुढे पारख लाभली ती प्रकाशाची.

रुडकी येथील प्रसिद्ध स्थापत्य महाविद्यालयातून इ. स. १८६६ मध्ये शिक्षण पुरे करून दीनदयाळ इंदूरला आले. तेथे सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रके आणि आराखडे तयार करण्याचे जबाबदारीचे काम त्यांना मिळाले. इंदूर ही होळकरांची राजधानी. इ. स. १८७४ च्या सुमारास दीनदयाळ यांना छायाचित्रणाचा छंद जडला. महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डॅली या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांचे गुण हेरून त्यांना उत्तेजन दिले.

त्या काळी छायाचित्र काढणे हे फार कष्टाचे काम होते. स्वच्छ काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण एकसारखे पसरावे लागे. मग ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, तिच्यावर प्रकाश पाडायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन रसायनांच्या साहाय्याने चित्र उमटवायचे. हे सारे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत आटोपावे लागे. काच वाळली की श्रम वाया गेलेच! शिवाय जेवढे मोठे चित्र हवे, तेवढीच मोठी काच घ्यावी लागे. त्यामुळे अवजड कॅमेरा, तिवई, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि तंबू एवढा सरंजाम घेऊनच छायाचित्रकाराला रानावनांतून हिंडावे लागे.

एवढे करूनही यश निसर्गाच्या लहरीवर अवलंबून असे. उन्हाळ्यात द्रावण लवकर वाळे. वावटळ आली की ओल्या काचेवर धूळ बसे. पावसाळ्यात सूर्यच दिसेनासा होई. वारा सुटला तर झाडांची पाने चित्रात पुसट उमटत आणि तळ्यातील प्रतिबिंब मोडून जाई. निळ्या आकाशाचा परिणाम काचेवर इतक्या झपाट्याने होई की, सुंदर ढगही पुष्कळदा चित्रात कोरे, पांढरे दिसत. म्हणून हाताच्या कौशल्याइतकाच मनाचा धीरही छायाचित्रकाराजवळ असावा लागे. वारा पडण्याची आणि ऊन योग्य जागी येण्याची वाट पाहणे हा त्याच्या कामाचाच भाग होता.

इ. स. १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन या अधिकाऱ्याबरोबर दीनदयाळ मध्य भारताच्या प्रवासास निघाले. ग्वाल्हेर, ओरछा, दतिया, खजुराहो, सांची अशा स्थळांची त्यांनी छायाचित्रे काढली. यांतील अनेक वास्तू तेव्हा ओसाड पडल्या होत्या. या परिश्रमांतून मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंविषयीचा एक मोठा ग्रंथ इ. स. १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता दीनदयाळ यांच्यापुढे एक कठीण प्रश्न उभा राहिला. एकीकडे सरकारी नोकरी, ठरलेले वेतन आणि कुटुंबाचे स्थैर्य. दुसरीकडे अपुरी राहिलेली छायाचित्रांची मालिका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे शक्य नव्हते. वयाची चाळिशी ओलांडलेल्या दीनदयाळ यांनी प्रथम दोन वर्षांची रजा घेतली आणि पुढे नोकरी कायमची सोडली. छंद हाच त्यांचा व्यवसाय झाला.

त्यांच्या कलेची कीर्ती लवकरच सर्वत्र पसरली. इ. स. १८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपले छायाचित्रकार नेमले. हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारात मानाचे स्थान दिले आणि इ. स. १८९४ मध्ये राजा ही पदवी बहाल केली. निजामाच्या राज्यात हिंडून दीनदयाळ यांनी गोवळकोंड्याचा किल्ला आणि मीर आलम तलाव यांची छायाचित्रे घेतली. आजचा छत्रपती संभाजीनगर जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात होता. तेथील देवगिरीचा दुर्ग आणि वेरूळचे कैलास लेणे हीदेखील त्यांच्या काचांवर उमटली. इ. स. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत मोठी चित्रशाळा उघडली आणि या शहरातील भव्य इमारतींचीही छायाचित्रे काढली. इ. स. १८९७ मध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरिया यांनीही त्यांचा गौरव केला.

राजेरजवाड्यांच्या वैभवाची चित्रे काढणाऱ्या या कलावंताने लोकांच्या दुःखाकडे पाठ फिरवली नाही. इ. स. १८९९-१९०० मध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या सुमारास निजामाच्या राज्यात चाललेल्या दुष्काळनिवारणाच्या कामांची छायाचित्रेही त्यांनी काढून ठेवली.

दिनांक ५ जुलै १९०५ रोजी राजा दीनदयाळ यांचे निधन झाले. त्यांच्या सुमारे २८५० मूळ काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. भारत सरकारने इ. स. २००६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

काच ही किती नाजूक वस्तू! हातातून निसटली की तिचे तुकडे होतात. परंतु त्याच काचेवर दीनदयाळ यांनी आपल्या देशातील दुर्ग, मंदिरे, तलाव आणि माणसे साठवून ठेवली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा भारत कसा दिसत होता, हे आज आपण डोळ्यांनी पाहू शकतो, ते त्यांनी उन्हातान्हात केलेल्या कष्टांमुळेच.