ताळा जुळवणारा रसायनशास्त्रज्ञ : आंत्वान लव्हाझिए

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत आपण बहुधा संतांची, समाजसुधारकांची, गायक-वादकांची चरित्रे वाचतो. यंदा विद्येच्या देवतेच्या या उत्सवात एका परदेशी विद्वानाची ओळख करून द्यावी, असे आम्हाला वाटले. आपल्या मुलांच्या शालेय विज्ञानाच्या पुस्तकात द्रव्य, मूलद्रव्य, संयुग हे धडे येतात, तेव्हा द्रव्य अक्षय्यतेच्या नियमापाशी त्याचे नाव एखाद्या ओळीत येऊन जाते. मुले नियम पाठ करतात आणि परीक्षेत दोन गुण मिळवतात. पण हा नियम सांगणारा माणूस करवसुलीच्या धंद्यात होता आणि तोच धंदा पुढे त्याच्या जिवावर बेतला, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

आंत्वान लव्हाझिए याचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये एका सुखवस्तू वकिलाच्या घरी झाला. पाच वर्षांचा असताना आई वारली. घरची रीत म्हणून त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिली मात्र केली नाही. त्याचे मन भूगर्भशास्त्र, गणित आणि रसायनशास्त्रात रमले होते. शहरातील रस्त्यांवर रात्री दिवाबत्ती कशी करावी, यावर त्याने लिहिलेल्या निबंधाला राजाकडून सुवर्णपदक मिळाले. १७६८ साली, पंचविशीच्या आत, तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत निवडला गेला.

त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट केली. फ्रान्समध्ये तेव्हा मीठ, तंबाखू आणि पॅरिस शहरात येणारा माल यांवरील कर राजा स्वतः वसूल करत नसे. ते काम एका खासगी मंडळीकडे दिलेले होते. ही मंडळी राजाला ठरलेली रक्कम भरत आणि लोकांकडून वसुली करून वरचा नफा स्वतः ठेवत. जुन्या संस्थानी मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना इजारा आणि इजारदार हे शब्द समजावून सांगायला नकोत. लव्हाझिएने या इजाऱ्यात पैसा गुंतवून भागी घेतली. १७७१ मध्ये याच मंडळीतील झाक पोल्झ यांची मुलगी मारी-आन हिच्याशी त्याचे लग्न झाले. ती तेव्हा अवघी तेरा वर्षांची होती.

ही मुलगी पुढे त्याच्या प्रयोगशाळेचा दुसरा हात बनली. नवऱ्याला इंग्रजी येत नव्हते, म्हणून ती इंग्रजी शिकली आणि इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांचे लेखन तिने फ्रेंचमध्ये आणले. ती चित्रकला शिकली आणि प्रयोगांतील उपकरणांच्या नेमक्या आकृत्या तिने काढल्या. प्रयोग चालू असताना नोंदी ती करी. लव्हाझिए सकाळी सहा ते नऊ आणि रात्री सात ते दहा प्रयोगशाळेत असे, मधला दिवस इजाऱ्याच्या आणि सरकारी कामात जाई. आठवड्यातला एक दिवस मात्र पूर्णपणे प्रयोगांसाठी राखलेला असे.

या माणसाचे मुख्य हत्यार म्हणजे तराजू. इजाऱ्याच्या उत्पन्नातून त्याने उत्तम कारागिरांकडून त्या काळातले अतिशय सूक्ष्म तराजू बनवून घेतले. त्याआधीचे रसायनशास्त्र बरेचसे रंग, वास आणि चव यांवर चाले. पाणी खूप काळ उकळले की तळाशी माती राहते, म्हणून पाण्याची माती होते, असा एक जुना समज होता. लव्हाझिएने बंद काचपात्रात पाणी १०१ दिवस तापवत ठेवले आणि आधी व नंतर सगळे वजन केले. एकंदर वजन बदलले नव्हते. पात्राचे वजन मात्र घटले होते आणि ही घट तळाशी मिळालेल्या पदार्थाच्या जवळपास होती. म्हणजे माती पाण्यातून आली नव्हती, ती काचेचीच झीज होती.

आम्ही सरकारी बांधकाम खात्यात डिप्लोमाच्या जोरावर लागलो, त्याला वीस वर्षे होऊन गेली. आमच्याकडे मोजमाप पुस्तकात नोंद नसेल तर काम झाले असे कोणी मानत नाही आणि देयकही निघत नाही. म्हणून लव्हाझिएची पद्धत आम्हाला परकी वाटत नाही. आलेला माल, लागलेला माल आणि उरलेला माल यांचा ताळा जुळला पाहिजे. नाही जुळला, तर काहीतरी नजरेतून सुटले आहे. रसायनशास्त्रात हीच शिस्त त्याने आणली.

ज्वलनाच्या प्रश्नात ही शिस्त खरी कामाला आली. पदार्थ जळताना त्यातून फ्लॉजिस्टॉन नावाचे काही बाहेर पडते, असे तेव्हाचे विद्वान मानत. पण १७७२ मध्ये लव्हाझिएला आढळले की गंधक आणि फॉस्फरस जळल्यावर वजन वाढते. काही बाहेर पडत असेल तर वजन वाढेल कसे? १७७४ मध्ये इंग्लंडचा जोसेफ प्रिस्टली पॅरिसला आला असता, पाऱ्याच्या तांबड्या भस्मापासून आपल्याला एक वायू मिळाल्याचे त्याने सांगितले. स्वीडनच्या शीले यालाही तो वायू स्वतंत्रपणे सापडला होता. म्हणजे ऑक्सिजन पहिल्यांदा हाती लागला तो या दोघांच्या. पण त्याचा अर्थ लावला लव्हाझिएने.

त्याचा एक प्रयोग आकड्यांसह सांगण्यासारखा आहे. ४ औंस पारा त्याने ५० घनइंच हवेच्या सान्निध्यात बारा दिवस तापवला. पाऱ्यावर तांबडी भुकटी जमली आणि हवा ४२ ते ४३ घनइंच उरली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझे आणि प्राणी गुदमरे. मग त्याने ती भुकटी वेगळी केली. ती ४५ ग्रेन भरली. तिला जास्त आच दिली तेव्हा ४१.५ ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घनइंच वायू निघाला. जितकी हवा नाहीशी झाली होती, जवळपास तितकीच परत आली. हा वायू उरलेल्या हवेत मिसळला की पुन्हा नेहमीसारखी हवा तयार होई. जळणे म्हणजे काही गमावणे नव्हे, तर हवेतील एका भागाशी संयोग पावणे, हे यातून उघड झाले. त्या भागाला त्याने ऑक्सिजन हे नाव दिले.

१७८७ मध्ये तिघा सहकाऱ्यांसह त्याने रसायनांच्या नावांची नवी पद्धत मांडली, त्यामुळे नावावरूनच पदार्थात काय आहे ते कळू लागले. १७८९ च्या त्याच्या पाठ्यपुस्तकात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे. त्यात प्रकाश आणि उष्णताही आहेत, त्या पुढे गळाल्या. अणूंविषयी तर्क करणे त्याने टाळले. ज्याचे आणखी विघटन करता येत नाही ते आपल्यापुरते मूलद्रव्य, एवढेच तो मानी. पण वजनांचे गणित त्याने पक्के करून ठेवले. त्याच वाटेने पुढे मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने १८०३ च्या सुमारास अणूंची सापेक्ष वजने काढायला घेतली. आज आपली मुले अणुवस्तुमानांचा तक्ता पाहतात, त्याची सुरुवात तिथे आहे.

सरकारी कामातही तो हुशार होता. बंदुकीच्या दारूला सोरा लागतो आणि चांगला सोरा बंगाल-बिहारकडून येई. तो व्यापार इंग्रजांच्या हाती गेल्यावर फ्रान्सची पंचाईत झाली. १७७५ पासून लव्हाझिएने दारूगोळ्याचे खाते सांभाळले, देशातच सोरा तयार करण्याला उत्तेजन दिले आणि दारूचा दर्जा सुधारला. त्याची प्रयोगशाळाही शस्त्रागाराच्या आवारातच होती.

परंतु इजाऱ्याचा डाग धुतला गेला नाही. मिठावरचा कर गरिबाला किती जाचतो, हे दांडीयात्रेच्या देशात सांगायला नको. पॅरिसभोवती जकातीसाठी भिंत उभी राहिली, तिच्यामागे कल्पना लव्हाझिएची होती. लोक त्या भिंतीवर चिडून होते. राज्यक्रांतीनंतर मारा या जहाल पुढाऱ्याने त्याच्याविरुद्ध लिहिले. याच माराच्या शास्त्रीय लेखनाची अकादमीने पूर्वी कदर केली नव्हती.

नोव्हेंबर १७९३ मध्ये इजारदारांना पकडण्याचा हुकूम निघाला. लव्हाझिए काही दिवस लपला आणि मग स्वतःहून हजर झाला. आरोपांपैकी एक असा होता की इजारदारांनी तंबाखूत पाणी जास्त घालून लोकांना वजनात फसवले. तंबाखूतील राखेची भेसळ ओळखण्याची सोपी रीत याच माणसाने काढली होती. ८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी २८ जणांना गिलोटिनखाली नेले. त्यांत सासरा पोल्झही होता. लव्हाझिएचे वय पन्नास होते. हे डोके उडवायला क्षणभर पुरला, तसे दुसरे घडायला शंभर वर्षेही पुरणार नाहीत, अशा अर्थाची हळहळ गणिती लाग्रांज याने व्यक्त केली.

आमच्या मते इथे दोन्ही बाजू तोलाव्या लागतात. ज्या व्यवस्थेने गरिबाच्या मिठावर पैसा केला, तिचा लव्हाझिए भागीदार होता आणि त्याचे तराजू त्याच पैशाचे होते. स्वतःचा हिशेब चोख ठेवणारा माणूस अन्यायी व्यवस्थेत सुखाने नांदू शकतो, हे नोकरदारांनी लक्षात ठेवावे. पण ज्या न्यायसभेने त्याला मारले, तिने कोणाचा वाटा किती, हे तोलायची तसदीच घेतली नाही. दुसऱ्याच वर्षी सरकारने त्याला अन्यायाने दोषी ठरवल्याचे मान्य करून जप्त सामान मारी-आनला परत केले. तिने पुढे त्याचे लेखन प्रसिद्ध केले. पुन्हा लग्न केले तेव्हाही लव्हाझिए हे नाव सोडले नाही. १८३६ मध्ये ती वारली.

अटकेपूर्वी तो आणखी एका कामात गुंतला होता. देशभर एकच वजनमाप असावे म्हणून नेमलेल्या आयोगात त्याने आउई या शास्त्रज्ञासह ठराविक आकारमानाच्या शुद्ध पाण्याचे वजन काळजीपूर्वक काढले. त्या कामातून पुढे किलोग्रॅम आला. एप्रिल १७९५ मध्ये फ्रान्समध्ये मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला, तेव्हा त्याला जाऊन वर्षही झाले नव्हते. आपल्याकडे १९५६ चा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून शेर, छटाक, मण मागे पडू लागले. आता मोदकांसाठी तांदळाची पिठी आणायला गेलो, तर आपण ती किलोनेच मागतो.