🙏 संतचरित्रमाला : संत सोहिरोबानाथ आंबिये 🙏

 

आज आपल्याच मातीतल्या एका थोर संताचं चरित्र पाहूया. पेडण्यातल्या आपल्या मुलांना हे नाव ठाऊक असतं, कारण विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला ते दिलेलं आहे. पण नावामागचा माणूस किती जणांना माहीत आहे?

सोहिरोबांचा जन्म 1714 सालचा, बांद्याचा. आंबिये घराण्याचं मूळ मात्र पेडण्यातलं. आज पत्रादेवीला राज्याची हद्द लागते, तेव्हा ती नव्हती. पेडणे, डिचोली, बांदा हा सगळा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. पेडणे आणि डिचोली पोर्तुगिजांकडे गेली ती पुढे, 1780 नंतरच्या काळात.

घरात गावचं कुलकर्णीपण होतं. म्हणजे रोजचं काम काय, तर जमाखर्च, सारा, हिशेब. एकदा दरबारचं बोलावणं आलं म्हणून ते सावंतवाडीला निघाले. वाटेत इन्सुलीच्या रानात झऱ्याकाठी फणस फोडून खायला बसले. तिथे एक योगी आले आणि त्यांनी वाटा मागितला. सोहिरोबांनी आनंदाने गरे दिले. ते योगी म्हणजे साक्षात गहिनीनाथ, आणि तिथेच अनुग्रह झाला, अशी परंपरा आहे. सोहिरोबांनी नोकरी सोडली. घरच्यांची काय अवस्था झाली असेल, विचार करा! हातची वृत्ती सोडणं सोपं नसतं हो.

पण मोजणं काही सुटलं नाही. आधी दाणे-पैसे मोजायचे, आता अक्षरं मोजू लागले. अभंग आणि ओवी हे आपले अक्षरांचे छंद. मोठ्या अभंगात चार चरण असतात : पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. एकूण बावीस. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. जोडाक्षर एकच धरायचं. मुलांनो, बोटांवर मोजून बघा : ‘पेडणे डिचोली’ सहा अक्षरं. ‘सोहिरोबानाथ’ पण सहाच! ग्रंथातली ओवी जरा मोकळी असते. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड, आणि अक्षरांची संख्या थोडी कमीजास्त चालते. म्हणून तर जात्यावर बसलेल्या आयाबायांना ओवी जमली, आणि ज्ञानेश्वर माउलींना तिच्यात गीता सांगता आली.

सोहिरोबांनी ‘सिद्धान्तसंहिता’, ‘अक्षयबोध’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अद्वयानंद’ आणि ‘महदनुभवेश्वरी’ असे ग्रंथ रचले. शिवाय कितीतरी पदं. त्यांच्या तोंडून निघालेली कवनं बहिणीने लिहून ठेवली, असं सांगतात. त्या माउलीचे उपकार विसरू नयेत.

साठीच्या सुमारास ते तीर्थाटनाला उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांची भेट झाली. शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे मूळचे पेडण्यातल्या केरीचे, त्यांच्यामुळे ही भेट घडली म्हणतात. महादजी स्वतः भक्तिपर कविता करायचे. त्यांनी आपली रचना दाखवली आणि कौतुकाची अपेक्षा धरली. सोहिरोबांनी कौतुक केलं नाही. महादजी रागावले. परक्या मुलखात, एवढ्या मोठ्या सरदारासमोर एकटा म्हातारा संन्यस्त माणूस! पण सोहिरोबा डगमगले नाहीत. विरक्ताला राजाची गरज नसते, अशा अर्थाचं हिंदी पद म्हणून ते चालू लागले. पुढे महादजींना पश्चात्ताप झाला, असं सांगितलं जातं. सोहिरोबांचा शेवटचा काळ उज्जैनला गेला. 1792 मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला.

यातून आपण काय घ्यायचं? महादजींच्या कवितेत अक्षरं कमी पडली, असं कोणी सांगत नाही. मोजणी चोख असूनही मन कौतुकाकडे वळू शकतं. आपणही माळ मोजतो, पारायणं मोजतो, आणि फोटो ग्रुपवर टाकून किती जणांनी हात जोडले तेही मोजतो! मोजणं वाईट नाही. त्याने मन एका जागी बसतं. फक्त ते कोणासाठी चाललंय, हे स्वतःला विचारत राहावं.

या आठवड्याची सेवा : घरातल्या सगळ्यांनी मिळून सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा एक अभंग करावा. मुलांनी अक्षरं मोजावीत, आजीने चाल लावावी. तो ग्रुपवर टाकू नये. सांजवातीला देवापुढे म्हणावा, बस्स.

सद्गुरुनाथ महाराज की जय! 🙏