मुक्काम किती दिवसांचा?

दूरच्या प्रवासास निघताना कोठे किती दिवस राहावयाचे, हे आपण आधीच ठरवितो. पंडिता रमाबाईंनीही तसे ठरविले होते. १८८३ साली त्या चिमुकल्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे वैद्यक शिकण्याचा हेतू साधला नाही. त्या चेल्टनहॅमला राहत असताना आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे निमंत्रण अमेरिकेहून आले. अल्प मुक्कामाच्या बेताने रमाबाई निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील त्या सोहळ्यास उपस्थित राहिल्या.

समारंभ एका दिवसाचा; मुक्काम मात्र अडीच वर्षांहून अधिक लांबला. रमाबाईंनी तेथील बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला, गावोगाव व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. या कार्यापायी लेकीला इंग्लंडला परत धाडावे लागले. फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यास निवर्तल्या. तरीही रमाबाईंनी कार्य अर्धवट सोडले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व विधवांच्या नियोजित शाळेस दहा वर्षांच्या साहाय्याचे आश्वासन मिळाले. पुढे पश्चिम किनाऱ्यापर्यंत संचार करून १८८८ च्या अखेरीस त्या जपानमार्गे स्वदेशी निघाल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. फिलाडेल्फियाच्या सोहळ्यास त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती.

नोकरीनिमित्त परप्रांती आलेल्या आपणांस मुक्कामाची मुदत बदलीच्या हुकुमावरून कळते. रमाबाईंनी ती कार्यावरून ठरविली.