गार्सिया द ओर्ता: पाऱ्याच्या जमान्यातला गोव्याचा तबीब

तिलारीचा घाट उतरला की आपण चंदगडवाले गोव्याच्या वाटेला लागतो. त्याच गोव्यात साडेचारशे वर्षांपूर्वी गार्सिया द ओर्ता नावाचे एक तबीब होऊन गेले. दवाच माणसाचं तोंड कशी बिघडवते, हे समजायला त्यांचा काळ पाहावा.

जन्म पोर्तुगालचा, साधारण १५०० सालचा. घराणं यहुदी, सक्तीने ख्रिस्ती झालेलं. वैद्यकी शिकून १५३४ मध्ये ते गोव्यात आले नि इथलेच झाले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहांशी त्यांची दोस्ती जमली. सुलतान त्यांना रोगांची अरबी नावं सांगत, ते सुलतानांना लॅटिन नावं शिकवत. इब्न सिना, राझी त्यांनी वाचलेले होते. शिवाय इथल्या हकिमांकडूनही ते शिकले.

तेव्हा फिरंगरोगावर, म्हणजे आजच्या सिफिलिसवर, पारा देत. रोग्याची लाळ गळायला लागली की दवा लागू पडली, असं युरोपातले वैद्य समजत. खरं तर ती विषबाधाच होती. अंगातला पारा लाळेतूनही बाहेर पडतो. हिरड्या सुजतात, तोंडात फोड येतात, दात हलून पडतात. आपल्याकडे त्याच शतकात भावमिश्रांनी रसकापूर कणकेच्या गोळीत घालून, दातांना न लावता गिळायला सांगितलं, ते याच भीतीने.

१५३५ च्या सुमारास चिनी व्यापारातून चोपचिनीचं मूळ गोव्यात आलं. ओर्तांनी १५६३ च्या आपल्या ग्रंथात तिच्यावर आख्खं प्रकरण लिहिलं. चोपचिनीने रोग मुळापासून जात नव्हता हे पुढे कळलं, पण रोग्याचं तोंड तरी शाबूत राहायचं.

१५६८ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी धर्मन्यायालयाने त्यांच्या बहिणीला जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्यांचीही हाडं उकरून जाळली. ग्रंथ मात्र युरोपभर पोचला होता.

पारा आजही घरात येतो: गोरेपणाच्या काही क्रीममधून, कुणीही बांधून दिलेल्या भस्माच्या पुड्यांतून. शिसं जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांच्या अंगात जातं. त्याची खूण म्हणजे हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ. तोंडात धातूची चव, सारखी लाळ, सुजलेल्या हिरड्या किंवा अशी रेघ दिसली, तर नुसतं मंजन बदलून भागत नाही. डॉक्टरांकडे जा, काय खातो, काय लावतो, काय काम करतो ते मोकळेपणाने सांगा आणि रक्त तपासून घ्या.