गोठा आणि शहर जोडणारे त्रिभुवनदास पटेल

आपल्या वडोदऱ्याहून आणंद आगगाडीने तासाभराच्या आतच येते. तरीही तेथील त्रिभुवनदास पटेल यांचे नाव पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. म्हणून या अंकात आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०३ रोजी आणंदला झाला. गांधीजींच्या चळवळीत त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला.

त्या काळी खेडा जिल्ह्याचे दूध मुंबईला जाई. १९४५ च्या सरकारी योजनेत ते गोळा करण्याचा मक्ता पोल्सन कंपनीला मिळाला. दूध नासणारी वस्तू, त्यामुळे मिळेल त्या भावाने ते विकावे लागे. शहरातील ग्राहक मोजत असलेला पैसा गोठ्यापर्यंत पोहोचत नव्हता. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढण्याचा सल्ला दिला.

जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली आणि संप ठरला. दुधाच्या पैशावर ज्यांची चूल पेटत असे, त्यांनीही सुमारे १५ दिवस दूध विकले नाही. अखेर सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास अध्यक्ष झाले.

ते गावोगाव फिरून लोकांना समजावीत. जून १९४८ मध्ये काम सुरू झाले तेव्हा केवळ दोन गावांचे सुमारे २५० लिटर दूध येत होते. पुढे गावोगावी मंडळ्या निघाल्या. तेथे सर्व जातींचे लोक एकाच रांगेत उभे राहत. दूध मोजून, त्यातील स्निग्धांश तपासून त्याप्रमाणे रोख पैसे मिळत. १९५० पासून डॉ. वर्गीस कुरियन यांनी व्यवस्थापन सांभाळले. त्यांच्या कामावर त्रिभुवनदासांनी पूर्ण भरवसा ठेवला आणि स्वतः शेतकऱ्यांचा विश्वास राखला. हाच संघ पुढे 'अमूल' नावाने घराघरांत पोहोचला.

१९६३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार व १९६४ साली पद्मभूषण मिळाले. निवृत्तीच्या वेळी सभासदांनी दिलेली थैली त्यांनी स्वतःकडे न ठेवता माता-बालकांच्या आरोग्यासाठी दिली. ३ जून १९९४ रोजी ते निवर्तले. २०२५ साली आणंदच्या सहकारी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

विद्यार्थी मित्रांनो, माप चोख असेल तरच शेतकरी व ग्राहक दोघेही टिकतात, हे त्यांच्या जीवनातून आम्ही शिकतो. पालकांनी सवडीने मुलांना आणंद अवश्य दाखवावे, ही विनंती.